पहिल्यांदाच एकट्याने गाडी घेऊन कोकणात: पुणे ते रत्नागिरी, तीन फेरीबोटींवरून

"बाकीची मंडळी मागून येतायत का?" हरिहरेश्वरच्या काकूंनी गाडीच्या मागच्या सीटवर नजर टाकत विचारलं. मागे पाण्याचा कॅन, एक उशी आणि हवा भरायचा पंप, एवढंच होतं. एकटीच आलेय म्हटल्यावर "अगंबाई!" आणि लगेच "चहा ठेवते." हा संवाद या रस्त्यावर तुमच्याशीही रोज एकदा होणार. उत्तर तयार ठेवा.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी आणि आंबा घाटाने परत, असा हा सहा दिवसांचा फेरा. शहरात गाडी नीट चालवता येते, पण लांबवर एकट्याने कधी गेलो नाही, अशांसाठी हे लिहितेय. पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: या प्रवासात ड्रायव्हर तुम्हीच आणि क्लीनरही तुम्हीच. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारं कुणी नसतं. नकाशा बघायला, पेंग आली तर हाक मारायला, शेजारी कुणी नसतं. म्हणून दिवसाचा टप्पा किलोमीटरवर ठरवू नका, उजेडावर ठरवा. थंडीत इथे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. मी साडेचारला मुक्कामी पोचलेली असते. वाटेत ताशी तीस किलोमीटरचा वेग धरा. नकाशा त्याहून जास्त दाखवतो, पण त्याला गुरं आणि एसटी आडवी येत नाही.

निघायच्या आधी

पहिली खेप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. नाताळचा आठवडा टाळा. गणपती आणि शिमग्याला कोकण सगळ्यांत देखणं असतं हे खरं, पण तेव्हा चाकरमान्यांनी गावं भरलेली असतात, मुंबई-गोवा महामार्ग तुंबलेला असतो आणि खोलीही मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा आहे आणि घामही. पावसाळ्यात घाटात धुकं, दरडी आणि खवळलेली खाडी, त्यामुळे तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा.

गाडी मेकॅनिककडे नेऊन ब्रेक, कूलंट, वायपर आणि टायर बघून घ्या. मग घरी येऊन एक काम स्वतः करा: स्टेपनी काढा, जॅक लावा, एक चाक उतरवून परत बसवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चाकाचा नट ढिम्म हलेना. गॅरेजमध्ये मशीनने इतके आवळलेले असतात की हाताच्या जोराने सुटत नाहीत. पान्यावर पाय देऊन वजन टाकायचं असतं, आणि तेही चाक जमिनीवर असताना, जॅक चढवण्याआधी. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलेलं बरं. स्टेपनीत हवा आहे का तेही तेव्हाच बघा.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण फोन बंद पडू शकतो म्हणून झेरॉक्स डॅशबोर्डच्या खणात ठेवा. फास्टॅगमध्ये पैसे भरा. शंभर-पन्नासच्या नोटा भरपूर घ्या, कारण रेंज नसली की क्यूआर कोडचा नुसता कागद उरतो. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. तीन नंबर कागदावर लिहा: आपत्कालीन मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108, राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर 1033. रोज सकाळी घरच्या एका माणसाला "आज इथून इथपर्यंत" असा निरोप पाठवायचा आणि संध्याकाळी "पोचले." मध्ये चार तास फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

पहिला दिवस: घाट उतरणं

सकाळी सहाला पुणे सोडा. पिरंगुट-पौडच्या आसपास टाकी भरा. पुढे मुळशीचं पाणी डावी-उजवीकडे दिसत राहतं आणि ताम्हिणीचा उतार लागतो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे उतारावर सतत ब्रेकवर पाय. ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर हाताने लावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांचं ऐकू नका. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, पण समोरच्याला तो ठाऊक असेलच असं नाही. वळणाआधी हॉर्न द्या.

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा. शनिवार-रविवारी तिथल्या बाजारपेठेत अर्धा-अर्धा तास जातो. मग मोर्बा, साई, म्हसळा करत हरिहरेश्वर. पुण्यापासून पावणेदोनशेच्या आत-बाहेर किलोमीटर, न्याहारी धरून साडेपाच तास. मुंबईकरांना दुसरी वाट आहे: भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, मुरूड, आगरदांडा, आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. पुढे श्रीवर्धनवरून याच रस्त्याला लागता येतं.

हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरून समुद्रालगत खडकांवरून प्रदक्षिणा आहे. ती फक्त ओहोटीला करायची. भरतीला लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत, आणि एकट्या माणसाला हाक मारायलाही कुणी नसतं. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची जुनी रीत शिकून ठेवा, सगळ्या किनारपट्टीवर उपयोगी पडते: तिथीला पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्या सुमाराला पूर्ण भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं. तिथी ठाऊक नसेल तर काकूंच्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. तरी पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा.

फेरीबोट

दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडला जेट्टी. समोर सावित्री नदीची, म्हणजे बाणकोटची खाडी. पलीकडे वेशवी आणि रत्नागिरी जिल्हा. या वाटेवर अशा तीन खाड्या आहेत: ही पहिली, मग वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. सागरी महामार्गाचे सगळे पूल झाले की या बोटी जातील. तोवर त्या आहेत, आणि नवख्या ड्रायव्हरच्या पोटात गोळा आणणारी जागा हीच. पद्धत कळली की भीती जाते.

रांगेत गाडी लावा, तिकीट कुठे काढायचं ते जेट्टीवरच्या माणसाला विचारा. बोट लागली की आधी उतरणाऱ्या गाड्या बाहेर येतात. मग शिट्टी आणि हातवारे सुरू होतात. लोखंडी रॅम्पवर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, सावकाश चढा. रॅम्पच्या सांध्यावर धाडकन आवाज होतो, तो गाडी मोडल्याचा नसतो. कधीकधी रिव्हर्सने चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ तोंडाने उतरता येईल. तेव्हा आरशात फक्त खलाशाकडे बघा. तो दिवसाला कितीतरी गाड्या चढवतो, त्याला तुमच्या बंपरचा अंदाज तुमच्याहून चांगला आहे. क्लीनर नाही म्हटलं होतं ना, इथे पंधरा मिनिटांपुरता फुकट मिळतो. गाडी लावली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गिअर टाकलेला. मग खाली उतरून कठड्याशी उभे राहा. दुचाक्या, टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, सगळे बरोबर असतात. पार व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

दिवसाची शेवटची फेरी कधी, हे आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा, आणि तिच्या भरवशावर कधीच राहू नका. ती चुकली तर अंधारात मोठा वळसा पडतो. दाभोळला बोट चुकलेल्याला समोर दिसणारं धोपावं गाठायला थेट चिपळूणपर्यंत आत जाऊन यावं लागतं.

गावातले रस्ते

वेशवीहून बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. हा सगळ्या प्रवासातला सुंदर तुकडा आणि ड्रायव्हिंगची खरी परीक्षाही. सड्यावर मोकळा रस्ता, खाली गावात उतरलं की एकदम बोळ. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या आत पोफळीच्या बागा, आणि समोरून एसटी.

एसटी दिसली की आपण थांबायचं. मागे शेवटची रुंद जागा कुठे होती, हे बोळात शिरल्यापासून लक्षात ठेवत चला. शिरताना खिडक्या खाली करा, गाणी बंद करा. वळणापलीकडच्या गाडीचा हॉर्न आधी ऐकू येतो. आरसे मिटून एसटी जाऊ द्यायची, पुन्हा उघडायचे. चालक बहुतेक वेळा हात वर करून जातो. तो हात मिळाला की बरं वाटतं.

नकाशाचं मात्र ऐकू नका. गुहागर तालुक्यात त्याने मला "चार मिनिटं वाचतील" असा फाटा दाखवला. रस्ता अरुंद होत गेला, मग काँक्रीट संपलं आणि पुढे पाखाडी. दगडी पायऱ्या, थेट खाली वाडीत उतरलेल्या. वळवायला जागा नाही, मागे चढ. मी पाचेक मिनिटं नुसती बसून राहिले. मग हातात कोयता घेतलेले एक आजोबा बागेतून आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, पाखाडीकडे बघितलं. "तुम्ही तिसऱ्या या महिन्यात," म्हणाले आणि मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या कोयत्याच्या इशाऱ्यावर तो सगळा बोळ मी रिव्हर्सने चढले. तेव्हापासून फाट्यावर थांबून विचारते: "चारचाकी जाते का?" नुसता "रस्ता जातो का?" विचारलं तर उत्तर नेहमी "जातो की" असंच येतं, कारण तो जातोच, पायी.

आणखी दोन गोष्टी. गाडी नारळाखाली लावू नका. सावली बघून लावाविशी वाटते, पण एक नारळ पडला की टप किंवा काच गेली. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. समोर कुणीतरी चक्कर मारताना दिसेल, तरी नाही. ओली वाळू वरून कडक दिसते, चाक रुततं, आणि भरती ट्रॅक्टर येईपर्यंत थांबत नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता त्याची ओळख कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले कासवं इथल्या किनाऱ्यावर अंडी घालतात. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये आलात तर सकाळी किंवा संध्याकाळी पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळण्याची शक्यता असते, हमी नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी चढून जा, तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैला दुपारनंतर माशांचा लिलाव असतो. गाडी बंदरापासून लांब लावा, टेम्पोंच्या गर्दीत अडकलात तर लिलाव संपेपर्यंत सुटका नाही.

राहणं आणि जेवण, एका माणसाचं

"घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या गावोगाव आहेत. खोलीचा भाव दोघांचा असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी "एकट्याचं काही कमी होईल का" विचारायला लाजू नका, बऱ्याचदा होतं. एकट्या पुरुषाला मात्र काही ठिकाणी "फॅमिलीलाच देतो" ऐकावं लागतं. फोनवर आधीच स्पष्ट सांगितलं तर दारात अपमान होत नाही. मला उलट अनुभव: एकटी बाई म्हटल्यावर स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मिळते आणि रात्री दोनदा "कडी लावलीत ना?" विचारलं जातं.

रात्रीच्या जेवणाचं दुपारी बाराच्या आत कळवा, कारण मासळी माणसं मोजून आणतात. उकडीचे मोदक एकटीसाठी कुणी करत नाही. मी फोनवर विचारते, "आज कुणाचे मोदक आहेत का? त्यात माझे पाच धरा." दुपारी एक ते चार गाव झोपतं. दुकानं बंद, खानावळीत शुकशुकाट. दीडला जेवायला पोचणारा पुणेकर इथे उपाशी राहतो. साडेबाराला जेवा, अर्धा तास गाडीत सीट मागे करून पडा, मग निघा. मासे-भात आणि सोलकढीनंतर लगेच घाटरस्ता म्हणजे डोळे मिटण्याची खात्री. ती मागच्या सीटवरची उशी याचसाठी.

तिसऱ्या दिवशी दापोलीत पेट्रोल भरून दाभोळ, बोट, आणि गुहागर. धोपाव्याहून पुढे जाताना अंजनवेलजवळ एन्रॉनमुळे गाजलेला वीजप्रकल्प लागतो. नाव दाभोळचं मिळालं, पण उभा आहे तो खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात. चौथ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती आणि तिथली बामणघळ. खडकातल्या या घळीत भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं. बघायचं भरतीलाच, पण ओल्या खडकाच्या मागे उभं राहून. मग तवसाळ-जयगड. जयगडच्या बंदरामुळे त्या भागात मोठे ट्रक असतात, त्यांना ओव्हरटेक करायची घाई नको. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, 1866 साली ते इथे जन्मले. गणपतीपुळे त्याच्या शेजारीच. पुढचा आरे-वारेचा रस्ता समुद्राला चिकटून वर-खाली होत जातो. थांबावंसं वाटणारच, तेव्हा वळणावर थांबू नका. रुंद जागा मिळते, थोडं पुढे जा.

रत्नागिरी: गाडीला सुट्टी

चार दिवस गावांतून आल्यावर शहराची रहदारी अंगावर येते. मी मारुती मंदिराच्या बाजूला, पार्किंग असलेल्या लॉजवर उतरते आणि पाचव्या दिवशी किल्ली बॅगेत टाकते. रत्नागिरी चढ-उतारांचं शहर आहे. खालच्या बाजारात, राम आळीच्या आसपास, बाहेरच्या गाडीने शिरणं म्हणजे डोकेदुखी. रिक्षा करा, भाडं आधी ठरवून घ्या.

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, कौलारू घर. 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर, जिथे सगळ्या जातींना प्रवेश होता. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि तिथून मिरकरवाडा बंदर दिसतं. पण एकट्याने बघायची जागा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा लाल वाडा 1910 मध्ये पुरा झाला आणि सहा वर्षांत राजा गेला. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या त्या वाड्यात घाईच्या घोळक्याबरोबर काही हाती लागत नाही. तासभर एकट्याने खोल्यांतून फिरा. संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा, तिथे शेंगदाणेवाला असतो.

परत

सहाव्या दिवशी हातखंब्यावरून पाली, साखरपा आणि आंबा घाटाने कोल्हापूर, साधारण एकशेतीस किलोमीटर. सकाळी धुकं असतं, म्हणून साताच्या आधी निघून उपयोग नाही. कोल्हापूरनंतर चौपदरी रस्ता, पण पुणं अजून सव्वादोनशेच्या वर आहे. सहा दिवसांत ताशी तीसची सवय झालेली असते. महामार्गावर पहिला अर्धा तास डाव्या लेनमध्ये राहा. पेंग येऊ लागली तर कराड किंवा साताऱ्याला सरळ मुक्काम करा, घरी फोन करून सांगायचं, संपलं. चिपळूणला काही काम असेल तर संगमेश्वर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड अशीही वाट आहे.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. खाऱ्या हवेने आणि जेट्टीवरच्या पाण्याने पत्रा खायला लागतो. माझ्या गाडीच्या डाव्या आरशावर गडग्याचा तांबडा ओरखडा आहे, तो मी अजून पॉलिश करून घेतलेला नाही.